काव, अक्षर आणि कोड : छंदातून स्वतःची वेबसाइट घडवताना

वेब डेव्हलपरांच्या वैयक्तिक वेबसाइटी ओळीने उघडून पाहिल्या तर बऱ्याचशा एकाच साच्यातल्या निघतात. वर मोठ्या अक्षरांत नाव, खाली येत असलेल्या तंत्रांची यादी, प्रत्येकापुढे टक्क्यांची पट्टी, तळाला संपर्काचा फॉर्म. या माणसाला काम येतं एवढं त्यातून समजतं. तो काय बघतो, कशात रमतो, त्याचा हात कसा आहे, यातलं काहीच समजत नाही. घरी वह्याच्या वह्या चित्रांनी भरणाऱ्याची साइटही तशीच दिसते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मी पेडणे तालुक्यात वाढले आणि आता पणजीत वेब डेव्हलपर म्हणून काम करते. कोड आठवडाभराचा, रेखाटन रविवारचं आणि नाटकाची मागची कामं जत्रेच्या दिवसांतली, अशी माझी बरीच वर्षं वाटणी होती. हे तिन्ही एकाच कामात आणल्यावर तिन्ही सुधारलं. त्या कामाची वाट इथे पायरीपायरीने मांडते आहे. उदाहरणाला कावी नक्षीची नोंदवही असलेली वैयक्तिक साइट घेतली आहे. तुमचा छंद भजनाचा असेल, होड्यांचा असेल, रानभाज्यांचा असेल, तरी क्रम हाच राहील.

पहिली पायरी : विषय एकच, आणि पायी जाता येईल असा

'माझं सगळं काम' हा विषय होत नाही. एक गोष्ट निवडा, आणि ती शक्यतो घराजवळची असू द्या, म्हणजे शंका आली की जाऊन पुन्हा बघता येतं. माझ्यासाठी ती कावी होती. मोरजीच्या मोरजाईच्या देवळात ती बघत मी मोठी झाले.

कावी माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. चुन्याच्या ताज्या गिलाव्यावर लाल कावेचा थर द्यायचा आणि तो ओला आहे तोवर टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करायचा. गोव्यात आणि कोकणात देवळांच्या भिंतींवर ही नक्षी आहे. जीर्णोद्धारात भिंती पाडल्या की ती त्या भिंतींबरोबरच जाते. म्हणून तिची नोंद करणं मला निव्वळ छंदापेक्षा मोठं काम वाटतं, आणि साइटला नेमका असाच विषय लागतो. तुम्ही नाही केलं तर दुसरं कोण करेल, असा प्रश्न ज्याच्याबद्दल पडतो तो विषय घ्या.

दुसरी पायरी : आधी वही, मग फोन

देवळात जाण्याआधी देवस्थान समितीला किंवा महाजनांपैकी कुणाला भेटा, काय करायचं आहे ते सांगा आणि परवानगी घ्या. गाभाऱ्याचा फोटो घेऊ नका. उत्सवाच्या दिवशी गर्दी असते, त्यामुळे साधा दिवस बरा. पुजारी किंवा म्हातारी माणसं भिंतीबद्दल काही सांगतील ते त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवा. त्यांचं नाव छापायचं की नाही तेही तिथेच विचारा.

फोटो काढायच्या आधी वहीत रेखाटन करा. यावर मी अडून बसते, कारण फोटोत नक्षी दिसते आणि काढताना ती कशी बांधली आहे ते समजतं. कंपास म्हणजे परकार, पट्टी, मऊ पेन्सिल आणि आलेखाचा कागद एवढं सामान पुरतं. कावीतली पुष्कळ फुलं वर्तुळातून जन्मतात. कारागिराने परकाराचं टोक टेकवलेला मध्यबिंदू कधी कधी भिंतीवर अजून दिसतो. तो शोधा आणि तिथून मोजायला लागा.

फोटो त्यानंतर घ्या. भिंतीसमोर सरळ उभं राहून, फ्लॅश न वापरता, एक पूर्ण भिंतीचा, एक नक्षीचा आणि एक जवळून पोताचा. मोजपट्टी शेजारी धरून घेतलेला एक फोटो पुढे फार उपयोगी पडतो.

तिसरी पायरी : परकारातून एसव्हीजीत

चित्रकला आणि कोड यांची खरी गाठ इथे पडते, म्हणून हे जरा सावकाश सांगते.

एसव्हीजी म्हणजे चित्राचं मजकुरातलं वर्णन. २००१ साली ते वेबचं प्रमाण झालं. त्यात ठिपके साठवलेले नसतात, बिंदू, रेषा आणि कंस सांगितलेले असतात. म्हणूनच परकाराने काढलेली नक्षी त्यात अगदी सहज बसते.

सहा पाकळ्यांचं फूल घ्या. कागदावर ते असं येतं : एक वर्तुळ काढायचं, परकार न हलवता तेवढीच त्रिज्या परिघावर फिरवत न्यायची, सहा बिंदू मिळतात, प्रत्येक बिंदूतून तेवढाच कंस आत काढायचा. आता हेच कोडमध्ये करू. चित्राची चौकट १०० बाय १०० ची धरा. केंद्र ५०, ५० वर आणि त्रिज्या ४०. एक पाकळी म्हणजे केंद्रापासून ५०, १० या बिंदूपर्यंत ४० त्रिज्येचा एक कंस आणि तिथून परत केंद्रापर्यंत त्याच त्रिज्येचा दुसरा कंस. दोन्ही कंसांची फिरण्याची दिशा एकच ठेवली की एक डावीकडे फुगतो, दुसरा उजवीकडे, आणि मध्ये पाकळी तयार होते. ही पाकळी एकदाच लिहायची. मग 'यूज' टॅगने (टॅग म्हणजे कोडमधली खुणेची सूचना) तिच्या प्रती घेऊन केंद्राभोवती ६०, १२०, १८०, २४० आणि ३०० अंशांत फिरवायच्या. संपूर्ण फूल एक किलोबाइटच्या आत बसतं आणि कितीही मोठं केलं तरी कडा धारदार राहते.

यापुढचा भाग मला सगळ्यांत आवडतो. कावीत पांढरा रंग कुणी वरून लावत नाही. लाल थर काढून टाकल्यावर आतलं पांढरं दिसतं. कोडमध्येही तसंच करा. लाल चौकोनावर पांढऱ्या पाकळ्या ठेवू नका, 'मास्क' वापरा. मास्कमध्ये जे पांढरं असतं ते दिसतं आणि जे काळं असतं ते कापलं जातं. पूर्ण पांढरा चौकोन आणि त्यावर काळ्या पाकळ्या असा मास्क करून लाल चौकोनाला लावला की पाकळ्यांच्या जागी पानाचा मागचा रंग उघडा पडतो. पानाचा रंग बदला, नक्षी आपोआप त्याला धरून बदलते. हस्तकलेची रीत समजली की कोडची रीतही सुचते, ती अशी.

हाताने आकडे लिहायचे नसतील तर इंकस्केप हे मोफत सॉफ्टवेअर आहे. फोटो मागे ठेवून त्यावर आकार काढता येतात. फोटोचं आपोआप रेषांत रूपांतर करणारी सोय त्यात आहे, पण नक्षीसाठी ती वापरू नका. ती भिंतीचे पोपडेही नक्षी समजून घेते, फाइलमध्ये शेकडो नको असलेले बिंदू जमतात आणि मूळ भूमिती हरवते.

चौथी पायरी : रंग

रंग फोटोतून उचलू नका, कारण सकाळी आणि संध्याकाळी तीच भिंत वेगळी दिसते. दोन-तीन फोटो शेजारी ठेवून डोळ्यांनी ठरवा. मी कावेसाठी लाल १३९, हिरवा ४६, निळा ३१ हे मिश्रण घेते आणि चुन्यासाठी २४८, २४४, २३४. या दोघांतला विरोध, म्हणजे कॉन्ट्रास्ट, साडेसातास एकच्या आसपास येतो. वाचनसुलभतेच्या डब्ल्यूसीएजी नियमांत साध्या मजकुराला किमान साडेचारास एक लागतो, म्हणजे हे रंग मजकुरालाही चालतात. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये हा आकडा लगेच दिसतो. तिसरा रंग खरंच हवा असेल तर शेवाळ्याचा गडद हिरवा घ्या, तोही फक्त लिंकसाठी. मुळातली कला दोनच रंगांत उभी आहे, साइटही राहू शकते.

पाचवी पायरी : अक्षर

मराठी साइट चांगली की ओबडधोबड, हे निम्म्याहून अधिक अक्षरांवर ठरतं. नाटकाचे फलक रंगवलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही, कारण काना कुठे संपवायचा आणि वेलांटी कुठून वळवायची हे त्याच्या हातात असतं. तेच ज्ञान इथे आणायचं आहे.

पहिलं काम अगदी लहान आहे, तरी बहुतेक जण ते करत नाहीत. एचटीएमएल म्हणजे पानाची रचना लिहायची भाषा; पानाच्या एचटीएमएल टॅगवर भाषा मराठी आहे हे 'एमआर' या दोन अक्षरी संकेताने सांगा. चांगल्या देवनागरी फॉन्टांत ल आणि श यांची मराठी वळणं वेगळी ठेवलेली असतात आणि भाषा कळली तरच ब्राउझर ती वापरतो. नाहीतर हिंदी वळणाची अक्षरं उमटतात. स्क्रीन रीडरलाही कोणत्या भाषेत वाचायचं ते यावरून समजतं.

फॉन्ट निवडायला आज चांगली सोय आहे. एक टाइप या मुंबईच्या संस्थेचा मुक्ता, तिरो देवनागरी मराठी, नोटो सान्स देवनागरी हे सगळे मोफत आणि मुक्त परवान्याचे आहेत. मी मजकुराला मुक्ता आणि मथळ्यांना तिरो घेते. दोनच वजनं, म्हणजे अक्षरांच्या जाडीची रूपं, घ्या. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल रोमनपेक्षा जड होते, आणि पाच वजनं लादली की पान उघडायला वेळ लागतो. फाइल वॉफ-टू प्रकारची असू द्या आणि फॉन्ट येईपर्यंत फोनमधल्या अक्षरांत मजकूर दिसेल अशी 'स्वॅप' सूचना द्या.

मापं अशी ठेवा : मजकूर १८ पिक्सेल, ओळींची उंची अक्षराच्या १.७ पट, रकाना साधारण ६५० पिक्सेल रुंद. इंग्रजी साइटींची १.४ पट उंची आपल्याला पुरत नाही, वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. अक्षरांमधलं अंतर वाढवणारा गुणधर्म देवनागरीला लावूच नका, शिरोरेषा तुटते. तिरपी अक्षरंही टाळा. आपल्या लिपीत ती परंपरा नाही, आणि फॉन्टात तिरपं रूप नसलं की ब्राउझर सरळ अक्षर नुसतं ढकलून वाकवतो. जोर द्यायचा तर ठळक करा. लिंकखालची रेघ थोडी खाली सरकवा, म्हणजे ती उकारांवरून जाणार नाही.

फॉन्ट तपासायला एकच ओळ लिहून बघा, जिच्यात 'दऱ्या', 'क्लृप्ती', 'वाङ्मय' आणि 'उद्ध्वस्त' हे शब्द आहेत. हे चार नीट उमटले की फॉन्टावर विश्वास ठेवता येतो.

अक्षरांची नजर तयार करायला जुने दिवाळी अंक काढा. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर या दोन्ही चित्रकारांची मुळं गोव्यातली. चित्राशेजारी अक्षर कसं बसवायचं हे त्यांच्या काळातल्या मुखपृष्ठांवरून जेवढं शिकता येतं तेवढं कुठल्याही कोर्समध्ये मला सापडलं नाही. मुखपृष्ठावर पारदर्शक कागद ठेवा आणि चित्र, मथळा व रिकामी जागा यांचे फक्त चौकोन काढा. असे चौकोन साठले की पानाची मांडणी करताना हात आपसूक चालतो.

सहावी पायरी : चौकट

मांडणीसाठी सीएसएस ग्रिड वापरा. सीएसएस ही पानाचं दिसणं ठरवणारी भाषा, आणि ग्रिड म्हणजे तिच्यातली रकान्या-ओळींची चौकट. २०१७पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत ते चालतं. ग्रिड शिकताना मला चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती फळांची चौकट, आठवायची : आधी पट्ट्यांची चौकट टांगायची, मग नारळ, सुपारीचे घड अशा जड वस्तूंच्या जागा ठरवायच्या, कांगलां आणि रानफळं उरलेल्या जागी. पानावरही मोठी चित्रं आधी आणि बारीक मजकूर त्यांच्यामध्ये.

नक्षींच्या पानासाठी रकान्याची किमान रुंदी २४० पिक्सेल ठेवा आणि मावतील तेवढे रकाने आपोआप भरायला सांगा. फोनवर एक रकाना येतो, टॅबलेटवर दोन, लॅपटॉपवर तीन-चार. वेगवेगळ्या पडद्यांसाठी वेगवेगळे नियम लिहावे लागत नाहीत. मात्र सगळं आधी ३६० पिक्सेल रुंदीवर बसवा. आपल्याकडचा वाचक फोनवरच वाचतो.

पानं तीन पुरेत : पहिलं तुमच्याबद्दल दोन परिच्छेदांचं, दुसरं नोंदवहीचं, तिसरं कामांचं. प्रत्येक नक्षीला आपलं पान हवं. त्यावर रेखाटन, फोटो, एसव्हीजी आणि ऐकलेली माहिती याच क्रमाने द्या. हातातलं काम पडद्यापर्यंत कसं आलं ते पाहणाऱ्याला त्यातून दिसतं. नोकरीसाठी साइट बघणाऱ्यांनीही मला याच पानांबद्दल सर्वांत जास्त विचारलं आहे.

सातवी पायरी : फोटो आणि हालचाल

फोनवरून आलेला फोटो चार-पाच मेगाबाइटचा असू शकतो. तो १६०० पिक्सेल रुंदीचा करून वेबपी प्रकारात साठवा, काही शे किलोबाइटमध्ये येतो. एचटीएमएलमध्ये रुंदी-उंची लिहा, म्हणजे फोटो येताना मजकूर उडी मारत नाही. पहिला फोटो सोडून बाकीचे 'लेझी' ठेवा, म्हणजे वाचक जवळ पोचल्यावरच ते उतरतात. प्रत्येकाला मराठीत पर्यायी मजकूर द्या : 'नक्षी' एवढंच नको, 'लाल जमिनीवर सहा पाकळ्यांचं पांढरं फूल, भोवती दोन वर्तुळं' असं हवं. फोटोत दडलेली जागेची माहिती काढून टाका, विशेषतः तो कुणाच्या घरचा असेल तेव्हा.

हालचालीबद्दल मी जे शिकले ते नाटकाच्या पडद्यामागे शिकले. प्रकाश हळू बदलला तर प्रेक्षकाला बदल जाणवतो पण दिवा दिसत नाही. बटणाचा रंग बदलायला २०० मिलिसेकंद पुरतात, नक्षी उलगडायची असेल तर ६००. फक्त 'ट्रान्सफॉर्म' आणि 'ओपॅसिटी' हे दोन गुणधर्म हलवा, कारण त्यांच्यासाठी ब्राउझरला पानाची मांडणी पुन्हा मोजावी लागत नाही आणि स्वस्त फोनवरही झटके बसत नाहीत. ज्यांनी फोनमध्ये 'हालचाल कमी' निवडलं आहे त्यांच्यासाठी ती पूर्ण बंद करा. काहींना तिने चक्कर येते.

आठवी पायरी : चढवणं आणि तपासणं

अशा साइटला डेटाबेस लागत नाही. साधं एचटीएमएल, सीएसएस आणि चिमूटभर जावास्क्रिप्ट पुरे. १९९१ साली जगासमोर आलेलं टिम बर्नर्स-ली यांचं पहिलं संकेतस्थळ आजच्या ब्राउझरमध्येही वाचता येतं, ते या साधेपणामुळे. नोंदवही वर्षानुवर्षं टिकायला हवी असेल तर तंत्रही तसंच घ्या. फाइली गिटमध्ये, म्हणजे बदलांचा इतिहास सांभाळणाऱ्या साधनात, ठेवा आणि गिटहब पेजेससारख्या मोफत जागेवर चढवा. खर्च फक्त डोमेनचा, तोही वर्षाचा.

पानांचे पत्ते रोमन अक्षरांत ठेवा. देवनागरी पत्ता कॉपी करून पाठवला की प्रत्येक चिन्हाची नऊ अक्षरं होतात, त्यामुळे 'मोरजी' या एका शब्दाचा पंचेचाळीस अक्षरांचा गुंता व्हॉट्सॲपवर पडतो. पानाचं शीर्षक आणि वर्णन मात्र मराठीतच लिहा, शोधणारा मराठीतच शोधतो. दुव्याबरोबर दिसणारं १२०० बाय ६३० पिक्सेलचं चित्रही करून ठेवा. आपल्याकडे साइट पसरते ती व्हॉट्सॲपवरच.

तपासणी ऑफिसच्या वायफायवर करू नका. पावसाळ्यात, म्हापशाहून पेडण्याला जाणाऱ्या कदंब बसमध्ये बसून साइट उघडा. सिग्नल जातो-येतो तिथे मजकूर आधी दिसतो का, हे बघा. मग ती घरातल्या मोठ्या माणसाच्या हातात द्या आणि काही न सांगता बाजूला बसा. त्यांचं बोट कुठे अडतं ते लिहून काढा, दुरुस्तीची यादी तयार होते.

शिकण्याच्या क्रमाबद्दल दोन शब्द, कारण नवीन मुलं हेच विचारतात. एचटीएमएल आणि सीएसएस नीट येईपर्यंत फ्रेमवर्ककडे, म्हणजे कोडच्या तयार सांगाड्यांकडे, जाऊ नका. एमडीएन या वेब डेव्हलपरांसाठीच्या साइटवरची मोफत माहिती वाचा, पण प्रत्येक नवीन गुणधर्म स्वतःच्या चित्रावरच करून बघा. फिरवणं शिकलात तर पाकळी फिरवा, ग्रिड शिकलात तर वहीतलं पान मांडा. दुसऱ्याच्या उदाहरणावर शिकलेलं लवकर विसरतं.

साइट झाली की गाव विचारायला येतं

हे होणारच, तेव्हा तयारी असू द्या. नाट्यमंडळाला जुन्या प्रयोगांची पानं हवी असतात, देवस्थानाला उत्सवाची पत्रिका. जुन्या पत्रिकांच्या फाइली बहुधा श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टात असतात आणि वेबवर टाकल्या की निरर्थक रोमन अक्षरं दिसतात. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण त्यानंतर रफार आणि ऱ्हस्व वेलांटी असलेला प्रत्येक शब्द डोळ्यांखालून घाला, चुका तिथेच होतात. कलाकारांची नावं मंडळातल्या जाणत्या माणसाकडून वाचून घ्या. वर्षानुवर्षं रंगमंचावर उभ्या राहिलेल्या माणसाचं नाव आपल्या पानावर चुकता कामा नये.

डोमेन मंडळाच्या नावावर आणि मंडळाच्या ईमेलवर घ्या, स्वतःच्या नाही. पासवर्ड समितीतल्या दोघांकडे लेखी ठेवा आणि नूतनीकरणाची तारीख मंडळाच्या वार्षिक सभेच्या विषयांत घाला. नवीन मजकूर कसा चढवायचा ते एका कागदावर मराठीत लिहून, चित्रांसह, कार्यालयाच्या भिंतीवर लावा. मग मंडळातल्याच एखाद्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवून पुढच्या प्रयोगाचं पान त्यांच्याकडून करून घ्या.